ग्रीक वही, महिना चौदावा: आंधळेपण की घट्टा?

बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचतेय, आता मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. गेल्या नोंदीत सहाव्यात होते. म्हणजे महिन्याला दोन अध्याय, आणि त्यातले दहा दिवस एकाच शब्दानं खाल्ले: पोरोसिस.

खरं तर तो तिसऱ्या अध्यायातच भेटला होता, तेव्हा मी पुढे पळाले. शब्बाथाचा दिवस, सभास्थान, वाळलेल्या हाताचा माणूस. या दिवशी चांगलं करणं योग्य की वाईट करणं, असं येशू विचारतो आणि समोरचे गप्प. तो रागानं सगळ्यांवरून नजर फिरवतो आणि त्यांच्या ‘हृदयाच्या पोरोसिस’मुळे कष्टी होतो (3:5). मी समासात ‘आंधळेपण’ लिहून मोकळी झाले, कारण पौलाच्या इफिसकरांस पत्रात (4:18) किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरानं या शब्दाला तोच अर्थ दिलेला पाहिला होता. पण आंधळा म्हणजे तुफ्लोस, हे माझं पहिल्या महिन्यातलं शब्दार्थाचं कार्ड. नव्या करारात तो पन्नासच्या आसपास वेळा येतो. मग इथे वेगळा शब्द का?

आता माझी फजिती. मी कार्डांवर उच्चार देवनागरीत लिहिते. हे करू नका. आपल्या एका ‘ओ’मध्ये ग्रीकची ओमिक्रॉन (ऱ्हस्व ओ) आणि ओमेगा (दीर्घ ओ) ही दोन्ही अक्षरं जातात, त्यामुळे माझ्या कार्डावर दोन ‘पोरोस’ एक होऊन बसले होते. ओमिक्रॉनवाला पोरोस म्हणजे वाट, छिद्र. ऑस्टिओपोरोसिस त्यातला, हाडाची जाळी होणं. ओमेगावाला पोरोस म्हणजे एका जातीचा दगड. ग्रीक वैद्यांच्या लेखी तोच मोडलेलं हाड सांधताना भोवती धरणारी टणक गाठ, जिला आपले डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून कॅलस म्हणतात. एक पोरोसिस हाड पोखरतो, दुसरा सांधतो. मी चार दिवस ‘हृदयाला छिद्रं पडली’ असा अर्थ लावत होते, आणि वर तो मला फार काव्यमय वाटत होता.

गाठ लक्षात आल्यावर मराठीनं लगेच हात दिला. घट्टा. आणि विशेषण निबर. ‘निर्ढावलेलं’ मी लिहून खोडलं: निर्ढावलेल्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. निबर भेंडीत कसलाच डाव नसतो, ती फक्त वेळेवर तोडली गेलेली नसते.

हे नाम नव्या करारात तीनदाच येतं: मार्क 3:5, रोमकरांस 11:25, इफिसकरांस 4:18. क्रियापद पाच वेळा. त्यातलं मार्क 6:52 मला सगळ्यात आवडलं, कारण तिथे निबर झालेले विरोधक नाहीत, खुद्द शिष्य आहेत. भाकरींचा चमत्कार डोळ्यांदेखत होऊनही त्यांना उमगलेलं नाही, कारण त्यांचं हृदय ‘पेपोरोमेने’ (त्याच क्रियापदाचं रूप) होतं. पहिलं अक्षर असं दुप्पट झालं की शाळेतलं संस्कृत जागं होतं: चकार, बभूव. फक्त ग्रीकमध्ये हे रूप घडून गेलेलं आणि अजून तसंच असलेलं, दोन्ही सांगतं. मी ‘निबर होऊन बसलेलं’ असं लिहिलंय. ‘बसलेलं’नं काम केलं.

योहान 12:40 मध्ये यशया संदेष्ट्याचं वचन येतं आणि तिथे दोन क्रियापदं शेजारी शेजारी आहेत: डोळ्यांना तुफ्लोसवालं, हृदयाला पोरोसिसवालं. हे पाहून मी निकाल देऊन टाकला की ‘आंधळेपण’ ही सरळ चूक. व्हल्गेट या जुन्या लॅटिन भाषांतरानं ती केली, मार्क, रोम आणि इफिस तिन्हीकडे ‘केकितास’, म्हणजे आंधळेपण, घातलं आणि इतरांनी उचललं. पण व्हल्गेटही एका शब्दावर ठाम नाही. योहानात हृदय कठीण केलं म्हणतं, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (3:14) मनं बोथट झाली म्हणतं. किंग जेम्सनं 1611 मध्ये रोम आणि इफिसला आंधळेपण दिलं, मार्कला कठीणपणा दिला आणि समासात हळूच ‘किंवा आंधळेपण’ असं लिहून ठेवलं. त्याच भाषांतराच्या 1881 च्या सुधारित आवृत्तीनं रोम आणि इफिसलाही कठीण होणं केलं.

मग जे. आर्मिटेज रॉबिन्सन या इंग्रज बायबल-अभ्यासकाची 1903 च्या इफिसकरांस पत्रावरच्या भाष्यातली टीप वाचली आणि निकाल मागे घेतला. त्यांचं म्हणणं, बहुतेक ठिकाणी मुद्दा हट्टाचा नाही, जाणीव बोथट होण्याचा आहे, आणि त्या अर्थानं ‘आंधळेपण’ हे ‘कठोरपणा’पेक्षा जवळचं. मला पटलं ते पुढच्याच ओवीमुळे. इफिसकरांस 4:19 मध्ये त्याच लोकांना ‘अपेल्गेकोतेस’ म्हटलंय: ज्यांना दुखणंच थांबलंय असे. अल्गोस म्हणजे वेदना, न्यूराल्जियातली (नसेचं दुखणं). माझी बहीण सतार वाजवते. तिच्या डाव्या तर्जनीला तार आता रुतत नाही, बोटाला टोचलं तरी उशिरा कळतं. घट्टा कठीण असतो हे खरं, पण त्याला कळत नाही हे पौलाच्या पत्रात जास्त महत्त्वाचं दिसतंय. मार्क 8:17-18 मध्येही पोरोसिसच्या पाठोपाठ ‘डोळे असून दिसत नाही का?’ येतंच.

हातानं प्रती उतरवणारे नकलनवीसही इथे अडखळलेत, तेवढाच दिलासा. योहान 12:40 मध्ये पपायरस 66 आणि सिनाई या जुन्या हस्तलिखितांत ओमेगाच्या जागी ईटा (दीर्घ ए) आहे. त्यानं ‘पेरोओ’ हे दुसरंच क्रियापद होतं: पंगू करणं, निकामी करणं, आणि ते डोळ्यांबाबतही वापरत. केंब्रिजला असलेल्या बेझा हस्तलिखितात तर मार्क 3:5 ला पोरोसिसच नाही, ‘नेक्रोसिस’ आहे, मेलेपण. त्या पानाचं छायाचित्र मोठं करून पाहिलं. अक्षरं मोठी, पण शब्दांत जागा सोडलेली नाही. त्या एका ओळीला माझा पाऊण तास गेला.

कार्डं आता ग्रीक लिपीत नव्यानं लिहितेय, नऊशेपैकी दोनशे झाली. पोरोसिसच्या मागे ‘घट्टा, न कळतेपण’ आहे आणि ‘आंधळेपण’ पेन्सिलीनं कंसात ठेवलंय. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलची (1924) प्रत एका ओळखीच्या बाई देणार आहेत, हे आठही संदर्भ तिच्यात ताडून पाहीन.

पुढचा उतारा मार्क 8:22 पासून. बेथसैदाचा माणूस, तुफ्लोस, खराखुरा. पहिल्या खेपेला त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात.