कात्रज ते सिंहगड, पिवळ्या उजेडात

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदार काकांनी माझ्या बॅटरीचं तोंड उघडलं, आतली एलईडी पेटवून बघितली आणि म्हणाले, "चांगली चाललीय की! कशाला काढताय?"

"काका, उजेड भरपूर आहे, पण दिसत काही नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी आणलेली तांब्याची चकती, तिच्यावरची नवी एलईडी, खाली उष्णता वाहून नेणारी थोडी पांढरी पेस्ट, दोन तारांना डाग. गुळगुळीत रिफ्लेक्टरच्या जागी खवल्याखवल्यांची प्लास्टिकची लेन्स बसली. दहा मिनिटांत काम झालं.

काकांना सांगितलं ते अगदी खरं होतं. गेल्या वर्षी कात्रज ते सिंहगड रात्री चालताना एका उतारावर, लख्ख उजेडात, माझा पाय घसाऱ्यावरून सरकला. गुडघा दोन महिने दुखत होता. जुनी एलईडी ६५०० केल्विनची, निळसर पांढरी. मधोमध ताटाएवढा डोळे दिपवणारा गोळा आणि भोवती काळोख. त्या गोळ्यात मुरूम, कातळ, वाळलेलं गवत सगळं राखेच्या रंगाचं. नवी एलईडी ३००० केल्विनची, जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारी, आणि सीआरआय ९० च्या वर, म्हणजे रंग बरेचसे उन्हात दिसतात तसेच दाखवणारी. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच उजेड असतो. वरचा फॉस्फरचा लेप त्यातला काही पिवळा-तांबडा करतो. पिवळेपणा जास्त हवा तर जास्त निळा उजेड बदलावा लागतो, आणि त्यात थोडा उजेड खर्ची पडतो. तेवढा मी आनंदाने सोडला.

कोजागरीनंतरची संकष्टी होती. मामेभाऊ, आमचा दादा, उपाशीच निघाला. डब्यात मामीने दिलेले मोदक. स्वारगेटहून पीएमपीची बस, कात्रजहून रिक्षा, आणि सात वाजता जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईला नमस्कार करून आम्ही चढायला लागलो. चंद्र उगवायला अजून पावणेदोन तास होते. मी मुद्दाम तशीच वेळ धरली होती.

पहिल्याच उतारावर फरक कळला. उजेड माझ्या दोन्ही बाजूंना सात-आठ हात पसरला होता, कडा नसलेला. मुरूम तांबूस दिसत होता, गवत पिवळं, आणि सुटे खडे मुरमापेक्षा फिकट. बॅटरी मी कमरेजवळ धरली होती. कपाळावरच्या दिव्याने सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट वाटते. खालून उजेड टाकला की प्रत्येक खड्याची सावली लांब पडते, खळगे उठून दिसतात. दादा म्हणाला, "अरे, मी तुझ्याच उजेडात चालतो," आणि त्याने आपली बॅटरी बंद केली.

दुसऱ्या खिंडीच्या अलीकडे मी थांबलो. वाटेच्या कडेला, पायापासून दोन हातांवर, मुरमाच्याच रंगाचं एक वेटोळं होतं. तपकिरी अंग, कडेने फिकट नागमोडी रेघ. फुरसं. खवल्यांवर खवले घासल्याची ती खरखर ऐकू आली आणि माझ्या मानेवर काटा आला. आम्ही मागे सरकलो, गप्प उभे राहिलो. थोड्या वेळाने ते गवतात गेलं. जुन्या उजेडात ती रेघ मला दिसली असती असं वाटत नाही. तो दगडच समजून मी पाय पुढे टाकला असता.

चंद्र वर आला तेव्हा आम्ही एका माथ्यावर टेकलो. एकीकडे पुण्याचे दिवे, दुसरीकडे खेड-शिवापूरकडे जाणारा हायवे. बॅटरी दगडावर उभी करून वर पाण्याची बाटली धरली. सगळ्या बाटलीतून कंदिलासारखा उजेड पाझरला. दादाने चंद्राला हात जोडले, डबा उघडला. मोदकाची एक पाकळी फुटून गुळाचं सारण बाहेर आलं होतं, आणि तो गुळाचा रंग अगदी गुळाचाच दिसत होता. मी नुसता बघत राहिलो. मग त्याच उजेडात पायमोज्यांतली कुसळं एकेक करून उपटली.

पुढे चांदण्यात बराच वेळ बॅटरी लागलीच नाही. अगदी मंद करून लावली आणि विझवली, तर चांदणं लगेच परत दिसायचं. पांढऱ्या झोतानंतर मिनिटं मिनिटं आंधळ्यासारखं व्हायचं, तसं झालं नाही.

एकदा मात्र अडलो. सातवी टेकडी उतरल्यावर वाट दोन फाट्यांत गेली आणि समोरच्या सोंडेवर कुठली चढते ते माझ्या पसरट उजेडाला दिसेना. पन्नास पावलांपलीकडे तो विरूनच जातो. दादाने आपली पांढरी बॅटरी काढली, लांब झोत टाकला, आणि डावीकडची पायवाट सापडली. त्यामुळे एवढ्या मोठ्या वाटेला दोघांपैकी एकाकडे तरी लांब झोताची असावी, असंच मी सांगेन.

अडीचला घाटरस्त्याला लागलो, उजाडेपर्यंत कठड्याशी बसलो, मग गडावर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.

घरी आल्यावर सेल काढून मीटर लावला. भरलेला ४.२ व्होल्टचा, आता ३.७ होता. अजून थोडा शिल्लक. आई शेजारी उभी होती. "परवा लाइट गेली तेव्हा ही कुठे होती? स्वयंपाकघरात ठेव," म्हणाली, आणि चार्जरच्या शेजारी फडताळात तिच्यासाठी जागा करून मोकळी झाली.