लागलं कोपराला, झिणझिणली करंगळी

नाशकातली दुपार, मिसळीच्या दुकानात पंख्याखालची जागा, समोर लालभडक तर्री. आणखी पाव मागायला हात वर करताना कुणाचं तरी कोपर टेबलाच्या कडेवर आपटतं, आणि तो गृहस्थ घास ताटलीत टाकून करंगळी झटकू लागतो. शेजारचे हसतात. शाळेत बाकावरच्या सोबत्याच्या कोपराला नेमका ठोसा घालून ‘करंट’ देण्याचा उद्योग केला नाही, असा माणूस विरळाच.

लागलं कोपराला, मग झटकायची करंगळी का? कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या मागच्या खाचेतून अल्नर नावाचा मज्जातंतू खाली उतरतो. मानेतून निघालेली ही दोरी दंडात स्नायूंच्या आड सुखरूप असते. या खाचेत मात्र अंगावर पांघरूण काय, तर कातडी आणि एक पातळसा पडदा. फटका बसतो वाटेत. पण मेंदूच्या दप्तरी ही तार करंगळीच्या आणि अर्ध्या अनामिकेच्या नावावर आहे. मधे कुणीही छेडली तरी तक्रार तिथलीच नोंदवली जाते. अर्ध्या अनामिकेवर विश्वास नसेल तर पुढच्या वेळी लक्ष ठेवावं. करंगळीकडची कड झिणझिणते, मधल्या बोटाकडची ढिम्म असते.

अशा प्रसंगी ‘शीर दबली’ म्हणायची आपली सवय. दवाखान्यात सिस्टर सुई टोचायला शोधते तीही शीरच. पण ती रक्ताची. असो, बोलीभाषेशी कोण भांडणार!

समोरच्या तर्रीचंही प्रकरण याच जातीचं. जिभेवरच्या वेदनातंतूंच्या टोकांना एक झडप असते, साधारण 43 अंशांपुढची उष्णता लागली की उघडणारी. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच झडपेला चिकटून ती गारठ्यातही उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ अशी वर्दी जाते. ही झडप शोधण्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमधला निम्मा वाटा मिळाला. वर्दी जाते तीही चवीच्या नव्हे, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या तंतूतून. म्हणजे तिखट ही चवच नाही, पण हे नाशकात मोठ्यानं बोलू नये. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याचे तांब्यामागून तांबे रिचवूनही जाळ हटत नाही. दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश त्याला धरून नेतात.

पंगतीत मात्र वर्दीच थांबते. मांडी घालून बसलेल्याचा पाय जिलबी येईपर्यंत लाकूड झालेला असतो. ‘रक्त अडलं’ म्हणतात, पण खरा दबतो तो मज्जातंतू आणि त्याला पोसणाऱ्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या. आधी गप्प होतात ते जाड तंतू, म्हणजे स्पर्शाचे आणि स्नायूंना हुकूम नेणारे. वेदनेचे बारीक तंतू बराच वेळ तग धरतात. मांडी सुटली की जागे होणारे तंतू कुणी न विचारता आपापलं बडबडू लागतात. त्या मुंग्या. अशा वेळी यजमान कितीही घाई करोत, चटकन उठू नये. पंजा वर उचलणारे स्नायू अजून हुकमात नसतात आणि घोटा मुरगळतो. पाय सरळ करून मिनिटभर बोटं हलवावीत, मग उठावं.

आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांचे उंबरठे! अंगठा आपटतो, मज्जारज्जू मेंदूला न विचारताच पाय मागे खेचतो. पाठोपाठ तीक्ष्ण कळ. मग एक चमत्कारिक शांतता, ज्यात माणूस अंगठा धरून नुसता वाट बघत असतो, कारण खरं दुखणं अजून यायचंय. कळ आणणाऱ्या तंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टण असतं. त्यात मिलिमीटरभराच्या अंतरानं फटी असतात आणि संदेश फटीफटीवरून उड्या मारत सेकंदाला 5 ते 30 मीटर धावतो. ठणका आणणाऱ्या तंतूंना वेष्टणच नाही. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. संध्याकाळच्या द्वारका चौकातली वाहतूकच ती. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतरही मीटरभराचंच, म्हणून ती सेकंदभराची शांतता. ‘कळ’ आणि ‘ठणका’ हे दोन वेगळे शब्द मराठीनं उगाच नाही ठेवले.

फटका जोराचा, म्हणून संदेश मोठा, असंही नसतं. तंतूच्या आतला विजेचा दाब उणे 70 मिलिव्होल्टवरून अधिक 30 च्या आसपास जातो आणि मिलिसेकंदभरात परत येतो. हळू लागो की जोरात, उसळी तेवढीच. जोरात लागलं तर त्या उसळ्या दाटीनं येतात, एवढाच फरक. आजी अंगठा चोळते तेव्हा स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूपाशी गर्दी करतात आणि ठणक्याची वाट अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी हे 1965 मध्ये मांडलं. आज्या तोवर कुणासाठी थांबल्या नव्हत्या.

वैशाखात रामकुंडाजवळची फरशी तापलेली असते. अनवाणी माणसं उड्या मारत सावली गाठतात. एखादे आजोबा मात्र संथ चालत येतात, आणि लोकांना ती श्रद्धा वाटते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असला तर सर्वांत लांबचे तंतू आधी झिजतात, म्हणजे पायाच्या बोटांचे. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. मग तक्रार बंद होते आणि घरच्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं. फोड दिसतो तो मोज्याला लागलेल्या डागावरून.

तपासणी साधी. नायलॉनचा एक धागा असतो, 10 ग्रॅमचा भार पडला की वाकणारा. घट्टा टाळून तो अंगठ्याच्या तळव्याला, बोटांच्या मुळाशी टेकवायचा. आजोबांना सांगायचं, डोळे मिटा, लागलं की ‘हो’ म्हणा.

धागा वाकतो. आजोबा डोळे मिटून शांत बसलेले असतात. थोड्या वेळानं विचारतात, “डॉक्टर, लावताय ना?”