स्ट्राइक सीरिज कानाने: पाचवा भाग, अर्ध्यावर

लंडनमधला खासगी डिटेक्टिव्ह कॉर्मोरन स्ट्राइक, त्याच्या रहस्यकादंबऱ्यांची ऑडिओ सीरिज ऐकणं चालूच आहे, सध्या 'ट्रबल्ड ब्लड'च्या साधारण मध्यावर पोचलेय. पहिला भाग १६ तासांच्या आसपास होता, हा जवळजवळ ३२ तासांचा, त्यामुळे नवीन कुणी असेल तर कृपया इथून सुरुवात करू नका, दमाल.

केस मात्र भारी आहे. १९७४ मध्ये मार्गो बॅम्बरो नावाची डॉक्टर लंडनच्या क्लर्कनवेलमधल्या क्लिनिकमधून निघते, जवळच्याच पबमध्ये मैत्रीण वाट बघत बसलेली असते आणि ही बाई तिथे पोचतच नाही. चाळीसेक वर्षांनी तिची मुलगी स्ट्राइक आणि त्याची पार्टनर रॉबिन यांना गाठते, मुदत देते एक वर्षाची. प्रेत नाही, ठसे नाहीत, आहेत ती म्हातारी झालेली माणसं आणि त्यांना आठवेल ते. म्हणजे सगळी गंमत मुलाखतींमध्येच, आणि म्हणूनच हा भाग वाचण्यापेक्षा ऐकायला जास्त मजा येते असं माझं ठाम मत झालंय.

क्लिनिकमधली तेव्हाची रिसेप्शनिस्ट आणि नर्स यांची एकत्र मुलाखत आहे, ती मी मागे घेऊन परत ऐकली. वाचणारा रॉबर्ट ग्लेनिस्टर एकटा माणूस, पण दोघींपैकी कोण बोलतंय हे नाव यायच्या आधीच कळतं, कोण कुणाचं वाक्य तोडतंय तेही. पुस्तक हातात असतं तर असली पानं मी भराभर उलटली असती. इथे पळवाट नाही, सगळं ऐकावंच लागतं आणि मग उगाच प्रत्येकीवर संशय येत राहतो. एरवी मी १.२५ स्पीडवर ऐकते, मुलाखत आली की गपचूप १ वर.

वैताग एकाच गोष्टीचा, तेव्हा या केसचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर टॅलबटची वही. केस करता करता या माणसाचं मानसिक संतुलन ढळलेलं, ज्योतिषाच्या नादी लागलेला, त्यात बारा राशी पुरेनात म्हणून चौदा राशींची पद्धत (!) आणि संशयितांचा उल्लेख नावाऐवजी राशीने. छापील पुस्तकात वहीची पानं चित्रांसकट आहेत, आपल्याला नुसतं वर्णन. शेवटी कागदावर एका बाजूला राशी, दुसऱ्या बाजूला नावं लिहून शेजारी ठेवलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. प्रत्येक प्रकरणाआधी स्पेन्सर या जुन्या इंग्रजी कवीच्या 'फेअरी क्वीन' काव्यातल्या ओळी येतात, त्या डोक्यावरून जातात पण ऐकायला छान वाटतात.

पुढचा 'द इंक ब्लॅक हार्ट', त्याची आत्तापासूनच धास्ती आहे, कारण त्यात ऑनलाइन चॅट भरपूर आणि छापील पानावर त्या शेजारी शेजारी कॉलममध्ये एकाच वेळी चालतात, कानाने हे कसं झेपणार? बहुतेक पुस्तक समोर ठेवूनच ऐकेन. ज्यांनी नुसता ऐकून संपवलाय त्यांनी सांगा कसं जमवलं ते. आणि 'ट्रबल्ड ब्लड'बद्दल सध्या कुणी काही बोलू नका, माझा संशय डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्यावर आहे आणि तो तसाच राहू दे.