आमची वाटचाल: आधी कागद, मग बोली

आमची फर्म म्हणजे मी, बायको आणि एक अर्धवेळ मदतनीस. मुक्काम टँपा, फ्लोरिडा. हिल्सबरो आणि पिनेलस या दोन काउंट्यांत कर्ज थकून लिलावाला निघालेली घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची किंवा भाड्याने द्यायची, हा आमचा धंदा. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं तर मी "जुनी घरं घेतो" एवढंच सांगतो. लिलाव म्हटलं की समोरच्याला एक तर घबाड दिसतं, नाहीतर कोणाचे तरी शिव्याशाप.

मी मूळचा बांधकामातला. पुण्यात साइट सुपरवायझर होतो, इथे येऊन छपरं बदलणाऱ्या कंत्राटदाराकडे लागलो. बायको पुण्यात एका वकिलांकडे सर्च रिपोर्ट काढायची. तीस-तीस वर्षांचे इंडेक्स टू चाळायचे आणि मिळकतीवर कोणाकोणाचा बोजा आहे ते लिहून द्यायचं. आमचा धंदा खरा चालतो तो तिच्या या सवयीवर.

आम्ही उतरलो २०१२ मध्ये. फ्लोरिडात घराची जप्ती कोर्टातूनच होते. त्यामुळे २००८च्या पडझडीनंतर दाव्यांचे ढीग साचले आणि ते उपसायला वर्षं लागली. पूर्वी कोर्टाच्या आवारात पुकारून होणारे लिलाव २०१०च्या सुमारास एकेका काउंटीत ऑनलाइन गेले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवरचा जुन्या खेळाडूंचा कंपू फुटला, तेव्हाच आमच्यासारख्या नवख्यांना शिरकाव मिळाला.

पहिल्याच वर्षी ब्रँडनमधलं एक घर यादीत आलं. तीन बेडरूम, मागे स्विमिंग पूल, बाजारभाव दीड लाख डॉलरच्या वर, आणि बोली अठरा हजारांवर घुटमळत होती. माझे हात शिवशिवायला लागले. बायकोने आधी वादीचं नाव वाचलं. बँक नव्हती, सोसायटी होती. म्हणजे इथली होमओनर्स असोसिएशन. वर्गणी थकली म्हणून तिने दावा लावलेला. बँकेचं पहिलं गहाणखत त्याच्या कितीतरी आधीचं आणि काउंटीच्या दप्तरात जसंच्या तसं उभं. अशा लिलावात घर तुमच्या नावावर होतं, पण बँकेचा बोजा जागचा हलत नाही. कोणीतरी ते बावीस हजारांना उचललं. पुढे तेच घर पुन्हा यादीत दिसलं, या खेपेला बँकेच्या दाव्यात. काही जण मुद्दाम अशी घरं घेतात आणि बँक येईपर्यंत भाडं खातात. हिशेब बसतो म्हणे. आम्हाला तो धंदा रुचला नाही.

उलटही होतं. दावा बँकेचा असला तरी सोसायटीची सगळी मागची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येते. बँकेने स्वतः घर घेतलं तर तिला सवलत असते: बारा महिन्यांची वर्गणी किंवा मूळ कर्जाचा एक टक्का, यातलं जे कमी असेल ते. आपल्यासारख्या त्रयस्थाला ती नाही. मालमत्ता कर घराबरोबरच येतो. गवत वाढलं, कुंपण पडलं म्हणून शहराने लावलेला दंड दिवसाला अडीचशे डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि मालक बदलला याचं त्याला सोयरसुतक नसतं. केंद्रीय कर खात्याचा बोजा असेल तर लिलावानंतरही १२० दिवस ते खातं पैसे मोजून घर स्वतःकडे घेऊ शकतं. तोवर स्वयंपाकघर उखडायचं धाडस मी करत नाही.

हे सगळं बोलीच्या आधी शोधायचं, आणि घर आतून न बघता. बाहेरून गाडीतून छप्पर बघतो, एसीचं युनिट जागेवर आहे का ते बघतो, मीटर फिरतोय का ते बघतो. बाकी अंदाज.

प्रत्यक्ष बोलीत थरार म्हणावा असं काही नसतं. आपली कमाल रक्कम भरून ठेवायची, यंत्रणा आपल्या वतीने चढवत नेते. बँकही बोली लावते, आणि कोर्टाने तिच्या बाजूने मंजूर केलेल्या येण्याच्या रकमेपर्यंत तिला खिशात हात घालावा लागत नाही. म्हणून बरीच घरं तिच्याकडेच परत जातात. त्यातून लिलावाच्या ऐन सकाळी कर्जदाराने दिवाळखोरीचा अर्ज टाकला की केस यादीतून गायब, आणि आठवडाभराचं वाचन कचऱ्यात. आपली बोली लागली तर पाच टक्के अनामत; म्हणजे दोन लाखांच्या घराला दहा हजार. उरलेली रक्कम लगेच भरायची, नाहीतर अनामतीवर पाणी. गृहकर्जाला इथे वावच नाही. वर शंभर डॉलरमागे सत्तर सेंट मुद्रांक. दहा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही की मालकीचा दाखला निघतो.

२०२० मध्ये महामारीमुळे जप्त्या थांबल्या आणि आम्ही हातातली घरं भाड्याने लावून दिवस काढले. त्याहून मोठा बदल २०२४च्या हेलीन वादळाने केला. पिनेलसच्या किनाऱ्यालगत घरात पाणी शिरलं. पूरक्षेत्रातल्या अशा घराची दुरुस्ती, जमीन सोडून, नुसत्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली की अख्खं घर आजच्या नियमांप्रमाणे उंच उचलावं लागतं. स्वस्तात मिळालेलं घर तिथेच महागात पडतं. आता बायकोच्या फाइलीत पूरनकाशाचं पान सर्वांत वर असतं.

दाखला हातात पडला की दार वाजवायला मी जातो. आत भाडेकरू असेल आणि करार खरा असेल तर तो पाळावा लागतो. एरवीही नव्वद दिवसांची नोटीस. जुना मालक असेल तर सामान हलवायला पैसे देऊन किल्ली मागतो. कोर्टाचा ताबा-हुकूम आणण्यापेक्षा ते स्वस्त आणि बरं. एकदा एक आजोबा दार न उघडताच आतून ओरडले की घर तर गेलं, आता काय हवंय. बोली कर्जापेक्षा बरीच वर गेली होती. मी दाराच्या फटीतून कागद सरकवला: वरचे पैसे कोर्टाच्या क्लार्ककडे जमा आहेत, इतर कोणाचा बोजा नसेल तर ते तुमचे, अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, वकील लागत नाही. अशा लोकांना आधी गाठून टक्केवारी मागणारे इथे खूप आहेत. आजोबांनी दार उघडलं आणि पहिलं विचारलं ते "यात तुझा वाटा किती?" माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून क्लार्कच्या कचेरीचा नंबर लावून फोन त्यांच्याच हातात दिला.

हल्ली निम्मं उत्पन्न शोधाच्या कामातून येतं. इतर बोलीदार, त्यात आपली मराठी मंडळीही बरीच, केस नंबर पाठवतात आणि बायको बोजांचा तक्ता करून देते. लिलाव सकाळी दहाला असतो. आदल्या दिवशी दुपारी बारानंतर आलेली केस ती घेत नाही, कितीही ओळखीचा असो आणि घर कितीही स्वस्त असो.