मोडी शिकवून स्वतःचंच काम कशाला कमी करता?

जुने कागद वाचून घ्यायला येणारे हा प्रश्न विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि वर्गात शिकायला येणारेसुद्धा विचारतात. काळजीपोटीच विचारतात. सातारा जिल्ह्यात मी जमिनीचे, वतनाचे, वाटण्यांचे मोडी लिपीतले कागद बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवून देते आणि त्याचे पैसे घेते. रविवारी सकाळी मात्र जो येईल त्याला मोडी शिकवते, त्याचे घेत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कचेऱ्यांमधले जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तेव्हापासून प्रश्नाची धार वाढली आहे: "आत्ता कुठे दिवस आलेत, आणि तुम्ही विद्या वाटत सुटलात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंचक्रोशीत मोडी वाचणारं माणूस एकच असलं की ते सांगेल ते खरं. ते माणूस मी असले तरी मला याची भीती वाटते.

मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरं एकमेकांत गुंतवत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातून प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. अशा ओळीत शब्द कुठे तोडायचा, हे वाचणाराच ठरवतो. कागद जमिनीचा असेल तर त्या तोडण्यावर कुणाचा तरी हिस्सा टांगलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात वर्गात आम्ही एका वाटणीपत्राची झेरॉक्स वाचायला घेतली होती. एका ओळीत 'रामजी बाबाजी' अशी नावं आली. हा बाबाजीचा मुलगा रामजी, की रामजी आणि बाबाजी असे दोन भाऊ? मध्ये 'चा मुलगा' सांगणारं 'बिन' नाही, 'व' नाही. वर्गात सरळ दोन तट पडले. मी मुद्दामच गप्प राहिले. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी येतात. त्यांनी भिंग घेतलं आणि चार ओळी खाली, घडीवर कागद झिजला होता तिथे, 'उभयतां' हा शब्द शोधून काढला. म्हणजे माणसं दोन. पुढे चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी हद्दी सांगितल्या होत्या तिथे, एका वावराचं नाव लागेना. कुणी 'लवणाची' वाचलं, कुणी 'लोणाची'. त्याच भागातली एक ताई म्हणाली, "अहो, लवणाची पट्टी. आम्ही अजून तसंच म्हणतो." तिला मोडी शिकून जेमतेम काही महिने झालेले. पण ते रान तिने पाहिलेलं होतं, मी नव्हतं.

हे मला एकटीने कितीही वर्षं घासून मिळालं नसतं. शिकवते म्हणून माझं वाचन तपासणारे डोळे तयार होतात, आणि ज्याच्या घरच्या जमिनीचा प्रश्न आहे त्याला माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला तरी विचारता येतं.

इतिहासकार वि. का. राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. हाती आलेले कागद त्यांनी स्वतःपाशी धरून ठेवले नाहीत. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड बाळबोधीत छापून काढले, ज्याला मोडीचा गंध नाही त्यालाही वाचता येतील असे. छापलं म्हणूनच त्यावर वाद घालता आले. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, तेही लोकांनी एकत्र बसून कागद तपासावेत म्हणूनच. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आणि कामाचं म्हणाल, तर ते संपण्याची भीती कुणी बाळगू नये. एकट्या पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. तंजावरला मराठी राजांच्या दप्तरातले मोडी कागद आहेत. घराघरांतल्या पेट्या वेगळ्याच. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मोडी शाळेतून गेली. शाळेत शिकलेली ती पिढी आता जवळपास संपली, आणि कसर, वाळवी कुणासाठी थांबत नाहीत. आजोबांची पेटी "कुणाला वाचता येत नाही" म्हणून रद्दीत घातलेली घरं मी पाहिली आहेत. ती गोष्ट आठवली की अजून जीव तुटतो.

वर्गातली दोघं-तिघं आता स्वतंत्रपणे पैसे घेऊन कागद वाचतात. त्यांच्याकडे माझी काही गिऱ्हाईकं गेली, हे खरं. कोरेगावकडचे कागद तर मीच एका मुलाकडे पाठवते, कारण तिकडच्या शिवारांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. अडला की तो मला फोन करतो, अडले की मी त्याला.