तीन महिन्यांची खुर्ची

2024 च्या जानेवारीत बेळगावच्या शहापुरातल्या एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, मी तीन महिन्यांसाठी लागले. तिथल्या क्लार्क मॅडम ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या होत्या आणि मार्चअखेर तोंडावर होती. माझं बी.कॉम. झालेलं, टॅली येत होतं. घर खानापूर तालुक्यात, त्यामुळे रोज लाल बसने ये-जा. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, म्हणून एवढ्याशा पगारात हे काम परवडलं. आधार दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. पण सकाळची बस दारापर्यंत भरते. एकदा ती चुकली आणि मी साडेदहाला पोचले. कुणी बोललं नाही, पण माझ्या काउंटरसमोर पाच माणसं उभी होती. दुसऱ्या दिवसापासून मी आधीची बस धरली. शटर उघडणारे मामा आणि मी बरोबरच आत जायचो.

शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड विषय होता, लिपी वाचता येते. काउंटरवरची भाषा मात्र पुस्तकातली नसते. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आले, पासबुक पुढे केलं आणि म्हणाले, “साल एष्ट ऐतरी?” मला वाटलं, कुठलं साल ते विचारतायत. मी म्हटलं, “2024.” आजोबा गप्प झाले. कॅशला बसणाऱ्या अक्का उठून आल्या, पासबुक घेतलं आणि त्यांना शिल्लक कर्जाचा आकडा सांगितला. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. किती फेडायचं राहिलंय हे ऐकायला तो माणूस ऊन तुडवत आला होता आणि मी त्याला वर्ष सांगितलं. मला फार वाईट वाटलं. त्या दुपारी डबा खाताना अक्कांना म्हटलं, “रोज चार शब्द सांगा मला.” त्यांनी खरंच सांगितले. कंत म्हणजे हप्ता, बड्डी म्हणजे व्याज, नाळे म्हणजे उद्या. “इल्ली सही माडरी”, म्हणजे इथे सही करा, हे तर दिवसातून वीस वेळा लागायचं. सगळं मी एका दोनशेपानी वहीत देवनागरीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे पिग्मीचं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचं काम मोठं. ही पद्धत सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केली. एजंट रोज घरोघर जाऊन दोन-दोन आणे गोळा करायचे. आमचे एजंट खासबाग, वडगावच्या विणकरांकडून आणि भाजीवाल्यांकडून पैसे आणत. बहुतेकांकडे मशीन होतं. एक वयस्क एजंट मात्र कागदावर यादी आणायचे, ती मी हाताने चढवायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. पाटलांची दोन खाती होती, नाव एक, वडिलांचं नाव वेगळं. मी एकाचे पाचशे दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले. संध्याकाळी कॅश जुळली, यादीची बेरीज जुळली, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वहीही जुळली. जुळणारच, कारण पैसे सोसायटीतच होते, फक्त खातं चुकलं होतं. अशी चूक बेरजेत कधीच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी जुनी यादी फाइलला लावताना खाते नंबरावर नजर गेली आणि पोटात गोळा आला. आदल्या दिवसाची एंट्री मला बदलता येत नव्हती, त्याला साहेबांची मंजुरी लागते. अक्का कामात होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. दुरुस्त न करता मी महिनाभराने निघून गेले असते, तर त्या पाटलांना पासबुक भरून घेताना कळलं असतं आणि बोलणी बसली असती त्या एजंटला. तीस वर्षं पायपीट करणारा माणूस. त्याच्यावर संशय आला असता हे मला सहन झालं नाही.

यादी घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “सर, काल माझ्याकडून चुकलं.” त्यांनी दोन्ही खाती उघडून बघितली आणि म्हणाले, “व्हाउचर कर, एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा. मी सही करतो. आणि आजपासून आधी नंबर घाल, नाव मग बघ.” बस, एवढंच. त्या दिवसानंतर मुदत ठेवीच्या पावत्यांचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

माझ्यासारख्या तीन महिन्यांच्या मुलीला लोक पहिल्या दिवसापासून जोखत असतात, यात शंका नाही. पण ते काय बघतात याचा माझा अंदाज चुकला होता. मी भराभर काम उरकून दाखवत होते. अक्कांना त्याचं काही नव्हतं, त्यांना हवं होतं की मी केलेलं काम पुन्हा तपासावं लागू नये. मग माझा वेग कमी झाला आणि त्यांनी माझ्या याद्या तपासणंही सोडलं.

वहीची मागची पानं मी रजेवरच्या मॅडमसाठी ठेवली. कुणाचं केवायसी अर्धं आहे, कुठली पावती सहीला गेलीय, एकाच नावाची कुठली खाती आहेत, असं रोज निघताना दोन-चार ओळी लिहायचे. त्या परत येतील तेव्हा मी तिथे नसणार होते.

31 मार्च रविवारी आला, म्हणून माझा शेवटचा दिवस शनिवार, 30 तारीख. गर्दी भयंकर. दुपारी तेच आजोबा आले आणि अक्कांच्या रांगेत उभे राहू लागले. मीच त्यांना हाक मारली, “अज्जा, इकडे बर्री.” त्यांनी पासबुक पुढे केलं, काही विचारलं नाही. मी कर्जखातं उघडलं, एकदा बघितलं, पुन्हा नंबर ताडून बघितला आणि म्हटलं, “एरड कंत उळदावरी.” दोन हप्ते राहिलेत. त्यांनी दोन बोटं वर करून खात्री करून घेतली. मी मान हलवली आणि पासबुक छापायला लावलं.