टनभर गाडी, तीन रबरी नळ्या

एमजी घेतली असं घरी सांगितलं तेव्हा मावशीनं विचारलं, ‘सनरूफवाली का गं?’ तिच्या डोळ्यांसमोर हेक्टर होती. म्हटलं, मावशी, हिचं अख्खं छतच निघतं. माझी एमजी १९७२ ची आहे. एमजीबी रोडस्टर, दोन माणसं आणि एखादी बॅग मावेल एवढी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. हे मॉडेल १९६२ ला आलं, १९८० ला कारखान्याला टाळं लागेपर्यंत चाललं, आणि तेवढ्यात पाच लाखांवर गाड्या रस्त्यावर आल्या. म्हणून आजही तिचा बारीकसारीक भाग नवा मिळतो. आणि म्हणूनच ही गाडी बाळगणाऱ्यांमध्ये ‘अपग्रेड’चा आजारही जोरात आहे.

मी राहते कॉव्हेंट्रीत. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पिंपरी-चिंचवडची बरीच मंडळी या भागात आली, त्यातलीच मी एक. दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्यांचे सांगाडे ताणून-दाबून बघायचे आणि शनिवारी गॅरेजमध्ये हात काळे करायचे, असा कार्यक्रम असतो. जुन्या ब्रेकांचं वेड लागायला हे गाव तसं बरं. इथल्याच जग्वारनं १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन बाजूंनी पॅडमध्ये दाबणारे) ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली. ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक (फिरत्या डब्यात आतून शू दाबणारे) तापून मऊ पडत होते, जग्वारच्या त्या सी-टाइपचे तेवढेच घट्ट लागत राहिले. माझ्या गाडीचे मूळ ब्रेक लॉकहीडचे, तेही शेजारच्या लेमिंग्टन स्पामधले. पुढे डिस्क, मागे ड्रम.

तर ब्रेक. जुन्या एमजीच्या चार मालकांना विचारा, तिघं म्हणतील चार पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) टाक, मोठ्या डिस्क टाक. वस्तू दिसतात देखण्या, तारांच्या चाकातून चकाकतात. मी नाही टाकले. कंजूषपणाचा आरोप नवऱ्यानं आधीच केलेला आहे, तो सोडून बाकीची कारणं सांगते.

एक म्हणजे गाडी थांबवतो टायर. ब्रेकनं चाक लॉक होत असेल, म्हणजे फिरायचंच थांबत असेल, तर त्याहून जोरात धरणारा ब्रेक लावून गाडी एक वीतभरही अलीकडे थांबत नाही. माझे साधे दोन पिस्टनवाले कॅलिपर धड असले की पुढची दोन्ही चाकं लॉक करू शकतात. दुसरं, मोठ्या पिस्टनना ढकलायला तेल जास्त लागतं. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पंप) जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं, मग तोही बदला. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढचा जोर वाढवला आणि मागचा होता तसाच ठेवला, तर पुढची चाकं आधी घसरतात आणि मागचे ड्रम नुसते बघत बसतात. कारखान्यातल्या माणसांनी पुढच्या-मागच्या जोराचा मेळ विचार करून बसवलेला असतो. तो मोडायचा असेल तर सगळ्याचाच हिशोब नव्यानं मांडावा लागतो.

मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेत आहे, आणि तो मी नाकारत नाही. माझ्यासकट गाडीचं वजन अकराशे किलो धरू. ताशी साठ मैलांवरून पूर्ण थांबायला साधारण चारशे किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. आणि दोनशे मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर एकवीसशेच्या वर. म्हणजे अशा पाच थांब्यांची उष्णता लागोपाठ, मध्ये गार व्हायला उसंत नाही. रेस ट्रॅकवर जाणाऱ्यानं जाड डिस्क जरूर लावाव्यात. मी जाते पीक डिस्ट्रिक्टला, कासलटनजवळच्या विनॅट्स पासमधून खाली. चुनखडीच्या दोन कड्यांमधून रस्ता वीस टक्क्यांच्या उतारानं कोसळतो आणि वर पाटी असते, खालचा गिअर टाका.

ही पाटी मला वाचावी लागत नाही. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर मी कुंभार्ली घाटात शिकले. तिला चारही चाकांना ड्रम होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा बाबांचा कायदा. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक लागतच नसत. मग पुढचं अर्धा किलोमीटर डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून ठेवत लायनर वाळवायचे. त्या गाडीनंतर एमजीबीचे ब्रेक कमी आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण माझ्या गाडीचे ब्रेक वाईट होते हे खरं. दाबलं की किंचित उजवीकडे ओढायची, आणि लांब चालवून आल्यावर पुढचं डावं चाक हाताला गरम लागायचं. आधीच्या कुठल्यातरी मालकानं नव्या, भोकाभोकाच्या डिस्क लावल्या होत्या. त्यांच्या मागे रबरी होज मात्र जुनेच. या गाडीत लवचिक नळ्या तीनच असतात: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यानं तिथे मध्यावर एक. बाकी सगळी धातूची पाइप. डाव्या बाजूचा होज काढून मी करवतीनं उभा चिरला. बाहेरून ठीकठाक, थोडा तडकलेला. आत रबर फुगून भोक सुईएवढं उरलेलं. पायाचा जोर मोठा, त्यामुळे तेल कसंबसं पुढे जायचं. परत यायला मात्र मागून ढकलणारं कुणी नाही, म्हणून पॅड डिस्कला घासत राहायचे. ज्यानं डिस्कवर पैसे घातले त्यानं हा काही पौंडांचा होज का बदलला नसेल? होज तारांच्या चाकातून दिसत नाही म्हणून, दुसरं काय.

तिन्ही होज स्टीलच्या विणीचं आवरण असलेले घेतले. दाबाखाली ते रबरासारखे फुगत नाहीत, आणि पेडलचा फरक पायाला पहिल्या दाबातच कळतो. धातूच्या पाइप गंजलेल्या होत्या, त्यांच्या जागी तांबं-निकेलच्या टाकल्या. कॅलिपरचे पिस्टन क्रोमचा मुलामा उडून खड्डे पडलेले, म्हणून स्टेनलेस पिस्टनवाले दुरुस्त कॅलिपर आणले. डिस्क साध्या, मूळ मापाच्या. पॅड रस्त्यासाठीचे, मऊ जातीचे. रेसचे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत. आमच्याकडे नोव्हेंबरात सकाळी आठला पहिल्याच चौकात सायकलवाला आडवा येतो. तोपर्यंत पॅड कुठून तापायचे?

सर्व्हो, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, काढून टाकला. यावर माझ्याशी भांडणारे बरेच आहेत. बोनेटखाली कुणीतरी नंतर बसवलेला व्हॅक्यूमचा सर्व्हो होता, आणि ब्रेक ऑइल हळूहळू कमी होत होतं. जमिनीवर एक थेंब नाही. शेजारी एक निवृत्त फिटर राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सायलेन्सरकडे बोट दाखवलं: ‘धूर बघ, पांढरा आहे.’ सर्व्होचं सील गेलं की इंजिन व्हॅक्यूमच्या नळीतून ब्रेक ऑइल ओढून घेतं आणि जाळून टाकतं. गाडी स्वतःचे ब्रेक पीत होती म्हणा ना. सर्व्हो फक्त पायाचे कष्ट वाचवतो, थांबण्याचं अंतर कमी करत नाही. आता पेडल जड आहे, पण डिस्कवर काय चाललंय ते पायाला स्पष्ट कळतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सर्व्हो ठेवावा, माझं काही म्हणणं नाही.

मागचे ड्रम कुणाला आवडत नाहीत. मला त्यांची काळजी जास्त, कारण माझी गाडी सिंगल सर्किटची आहे. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना तिथल्या कायद्यामुळे १९६८ पासून दोन स्वतंत्र सर्किट मिळाली. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांना तेव्हा नाही. म्हणजे माझ्या गाडीत एक पाइप फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. मग उरतो फक्त हँडब्रेक, तारेनं मागचे शू ओढणारा. खरं अपग्रेड म्हणायचं तर दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर हेच. तो माझ्या यादीत पहिला आहे, चकाकत नसला तरी. तोवर मागची बाजू टकाटक ठेवायची. व्हील सिलेंडर नवे, शू नवे. अ‍ॅडजस्टर म्हणजे बॅकप्लेटमागे (ड्रमच्या पाठच्या पत्र्यामागे) शू आवळायचं एक छोटं चौकोनी डोकं, बहुतेक गाड्यांत गंजून बसलेलं. तेलात भिजवून, हळूहळू मागेपुढे करत सोडवलं. आता चाक लॉक होईस्तोवर आवळायचं आणि एक घर मागे घ्यायचं. एक सूचना: जुन्या ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीचे लायनर कशाचे होते ते धुळीकडे बघून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

मग एअर काढणं, म्हणजे पाइपमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. नवरा पेडलवर, मी गाडीखाली. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. चाकाजवळच्या निपलला (हवा सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या बरणीत.

‘दाब.’

‘दाबलं.’

‘धर... धर... सोडू नकोस हं!’ निपल बंद. ‘आता सोड.’

‘अगं, किती वेळ?’

‘बुडबुडे येतायत तोवर.’

आधी चहाच्या रंगाचं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल वापरलं. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढून घेतल्यावर ही खात्री १५५ वर येते. उतारावर तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पाय सरळ फळीपर्यंत. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचंच. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी पीत नाही आणि रंगही खात नाही, पण पेडल जरा मऊ लागतं, ते मला नको. मास्टर सिलेंडरखालचा रंग मात्र कुणाच्या तरी सांडलेल्या डॉट ४ नं पापडासारखा फुलून आलाय. त्याचं नंतर बघू.

चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे. मी तरी नेते. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक ब्रेकचा जोर आकड्यात दाखवतात, तो शनिवारच्या गॅरेजमध्ये कसा मोजणार? एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत तीस टक्क्यांहून जास्त फरक निघाला की गाडी नापास. आधी माझी पुढची जोडी त्या रेषेला चिकटलेली होती, आता सुया जवळजवळ एकत्र चढतात. विमा कंपनीलाही सर्व्हो काढल्याचं कळवलं. बदल लपवला तर अपघातानंतर ते हात वर करतात.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘टायर कधीचे आहेत गं?’ बाजूच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा कोड वाचला: ३२११. २०११ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, रबर दगड झालेलं. चार नवे मागवले आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. तोवर विनॅट्स पास बंद, आणि किराणा आणायला नवऱ्याची गाडी.